बर्डीतलं जुनं लॉज: पाडायचं की पुन्हा उभं करायचं?

तुमच्या पत्रातून मला कळलं ते असं. नागपूरच्या सीताबर्डीत, म्हणजे आपल्या बर्डीत, मेन रोडपासून आत वळणाऱ्या गल्लीत, तुमच्या आजोबांनी 1930 नंतर कधीतरी बांधलेलं लॉज आहे. तळमजल्यावर चार दुकानं, चारही जुने भाडेकरू. वरच्या दोन मजल्यांवर 22 खोल्या, सहा वर्षांपासून कुलूपबंद. महापालिकेची शिकस्त इमारतीची नोटीस आली आहे. एक बिल्डर ती पाडून दुकानं आणि ऑफिसं काढायला तयार आहे, दोन्ही काकांचं मन तिकडे झुकलं आहे, आणि तुम्हाला मात्र तिथं पुन्हा हॉटेलच चालावं असं वाटतं. ‘हा माझा नुसता जीव अडकलाय, की यात खरंच काही दम आहे?’ असं तुम्ही विचारलंय.

दम आहे. नागपुरात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम मी तीस वर्षं करतो आहे. तुमचे अठरा फोटो मोठे करून दोन संध्याकाळी पाहिले. त्यावरून एवढं सांगतो की तुमची इमारत म्हातारपणाने खचलेली नाही, ती बाथरूमांनी खचली आहे. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून ती नीट उलगडून सांगतो. पण आधी नोटिशीचं, कारण तिला मुदत असते.

महापालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली आलेली नोटीस म्हणजे पाडण्याचा हुकूम असं घरात सगळ्यांनी धरलेलं दिसतं. तसं नेहमी नसतं. नोटिशीत काय करायला सांगितलं आहे ते शब्दन् शब्द वाचा. रिकामी करा, दुरुस्त करा, धोक्याचा भाग उतरवा, पाडा, यांपैकी काय? उत्तर लेखीच द्या आणि पोच घ्या. सोबत परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेत असल्याचं कळवा. तीस वर्षांवरच्या इमारतीला ही तपासणी तशीही कायद्याने लागते. तपासणीनंतर इमारत चारांपैकी एका गटात बसते. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-2 ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-2 बी म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्ती, आणि सी-3 म्हणजे किरकोळ काम. तुमचा सगळा झगडा सी-1 आणि सी-2 ए यांच्यामधल्या रेषेवर आहे.

म्हणून इंजिनिअर कोण निवडता याला फार महत्त्व आहे. काँक्रीटची ताकद बघायला एक हातोडी वापरतात, रिबाउंड हॅमर. काँक्रीटसाठी ती ठीक. चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतीवर ती मारून आकडे काढले तर ते येणारच कमी, कारण ते यंत्र त्या भिंतीसाठी नाहीच. काही वर्षांपूर्वी सदर भागातल्या एका जुन्या इमारतीचा असाच हॅमरचा अहवाल माझ्या हातात उशिरा आला. तोवर पाडायला सुरुवात झाली होती. मी तिथं उभा राहून पाहिलं, मशीनचा दात लागला तरी विटा सुट्या होईनात, भिंत सलग तुकड्यांत पडत होती. ती अठरा इंची भिंत अजून पन्नास वर्षं उभी राहिली असती. ते दृश्य माझ्या मनातून जात नाही. तुमच्या इंजिनिअरला सरळ विचारा: छतातल्या लोखंडी गर्डरची जाडी किती ठिकाणी मोजणार? विटांमधल्या सांध्याचा, म्हणजे दर्जेचा, चुना भिंतीच्या आतून किती ठिकाणचा काढून बघणार? लाकडाला उधई लागली आहे का ते भिंतीत घुसलेल्या टोकाशी तपासणार का? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरा शोधा.

आणि एक काम आजच करा. मागच्या बाजूच्या, बाथरूमांखालच्या छताला लोखंडी टेकू लावून घ्या, आणि त्याखालच्या दोन दुकानदारांना मागची गोदामाची जागा मोकळी करायला सांगा. इमारत वाचवायची म्हणणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी खाली बसणाऱ्यांचा जीव सांभाळायचा असतो.

आता फोटोंकडे येतो. सातवा फोटो दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्याच्या छताचा आहे. लोखंडी गर्डर समांतर टाकलेले, आणि दोन गर्डरांच्या मध्ये विटांच्या छोट्या कमानी. इंजिनिअर याला जॅक आर्च म्हणतात. रस्त्याकडच्या तीन गर्डरांवर गेरूच्या रंगाचा मूळ लेप अजून दिसतो. कडा धारदार आहेत, चुना पडलेला नाही. अकरावा फोटो बघा, त्याच मजल्याची मागची बाजू. तोच गर्डर, त्याच दिवशी बसवलेला, पण खालची पट्टी पापुद्र्यांनी सुटली आहे, कमानीच्या विटा खाली ढकलल्या गेल्या आहेत, आणि बाजूला पांढऱ्या क्षाराचा ओघळ. लोखंड गंजलं की मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, म्हणून ते विटांना ढकलतं. आता मला सांगा, वय दोघांचं सारखं आहे, मग एक तरणा आणि एक मेलेला असं का? मागच्या गर्डरच्या डोक्यावर बाथरूम आहे, एवढाच फरक.

ही बाथरूमं मूळची नाहीत, हे मी तुमचा नकाशा न पाहता सांगू शकतो. त्या काळातल्या लॉजमध्ये संडास-न्हाणी इमारतीपासून सुटी, मागच्या अंगणात असायची. वर राहणारा उतारू खांद्यावर पंचा टाकून खाली यायचा. नंतर प्रत्येक पाहुणा ‘अटॅच’ मागायला लागला, आणि मालकांनी खोलीचा कोपरा अडवून त्यात बाथरूम घातलं. हिशेब करून पाहू. पाच बाय सात फुटांचं बाथरूम. पाइप लपवायला जमीन एक फूट उचलून त्यात विटांचे तुकडे भरले, म्हणजे 35 घनफूट, जवळपास 1 घनमीटर. ओला झाला की हा भराव दीड टनाच्या वर जातो. दोन नव्या भिंती, मिळून 12 फूट लांब, 10 फूट उंच, साडेचार इंची: 45 घनफूट, म्हणजे आणखी सव्वादोन टनांच्या वर. चार टन वजन, एका कोपऱ्यात, अशा छतावर जिथं खाट, ट्रंक आणि दोन माणसं एवढाच विचार झाला होता. त्यात गळती. 22 खोल्यांपैकी किती खोल्यांत असं केलं आहे ते मोजा, म्हणजे इमारत इतकी वर्षं तगली याचंच आश्चर्य वाटेल.

दुसरा घाव सिमेंटचा. बाहेरून छपाई पडायला लागली की सिमेंटची छपाई आणि वर प्लास्टिकचा रंग, हे सगळीकडे झालं. चुन्याची भिंत श्वास घेते, पावसात ओल पिते आणि हिवाळ्यात सोडून देते. वर सिमेंटचं कातडं चढवलं की ओल आत कोंडते आणि खोलीच्या बाजूने बाहेर यायला बघते. तुमच्या खोल्यांत कमरेइतक्या उंचीपर्यंत जे फुगलेले पोपडे आहेत ते हेच. ते बघून बिल्डरचा माणूस म्हणतो, भिंत सडली. भिंत सडलेली नसते. चाकूच्या टोकाने दर्ज खरवडून बघा. पोपड्याच्या मागे बोटभर आत गेलात की चुना टणक लागतो. लागला नाही, पीठ निघालं, तर मात्र मी म्हणतो ते सगळं मागे घ्यावं लागेल, आणि ते मला लगेच कळवा.

भेगांचं वेगळं. आपल्याकडे पूर्वेला जुना खडक आणि पश्चिमेला काळा बेसाल्ट, अशी जमीन शहराच्या पोटात बदलते. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची. टेकडीच्या कडेला पाया लवकर खडकावर जातो, पण नाग नदीकडे उतरत गेलं की काळी माती लागते. ही माती पावसात फुगते आणि मे महिन्यात, 45 अंशांवर पारा गेला की, भेगाळते. वरची भिंत तिच्याबरोबर हलते. उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग मातीची असते, तिच्याने घाबरायचं नाही. एकाच दिशेने रुंदावत जाणारी भेग ही खरी धोक्याची. हे एका भेटीत कोणालाच सांगता येत नाही, मी आलो तरी नाही. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, आणि शेजारी भेगेच्या दोन बाजूंना दोन खिळे ठोकून त्यांच्यातलं अंतर दर महिन्याला मोजून लिहून ठेवा. काच फुटली तर भिंत हलते आहे हे कळतं, खिळ्यांवरून किती आणि कोणत्या बाजूला हे कळतं.

तुम्ही इमारतीचा इतिहास कसा शोधायचा हेही विचारलं आहे. तो नुसता शोभेचा नाही, पुढे पाहुण्याला तुमच्या दारात आणणारं भांडवल तेच आहे. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

लॉज बर्डीतच का झाली? 1853 मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले वारले, दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी राज्य खालसा केलं, आणि 1861 मध्ये मध्य प्रांत करून नागपूर त्याची राजधानी झाली. जुनं गाव महाल-इतवारीत, साहेबाचं गाव सिव्हिल लाइन्समध्ये, आणि दोघांच्या मध्ये बर्डी. 1867 मध्ये मुंबईकडून रेल्वे आली. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापसाचे दलाल, मिलचे कारागीर, संत्र्याचे व्यापारी येऊ लागले. 1903 मध्ये वऱ्हाड प्रांताला जोडलं गेलं, तसे अकोला-अमरावतीचे लोक कामाला नागपूरला येऊ लागले. 1920 च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि असहकाराचा ठराव पक्का झाला, तेव्हा हजारो माणसांच्या राहण्याची सोय या शहराला करावी लागली. 1925 मध्ये आजची स्टेशनची इमारत झाली, 1936 मध्ये हायकोर्ट आलं. खालच्या कोर्टातली तारीख एका दिवसात आटोपते, हायकोर्टाच्या कामाला मात्र मुक्काम पडतो. अशिलांना वकिलाच्या घराजवळ, स्टेशनपासून टांग्याच्या अंतरावर, दोन वेळ जेवण मिळेल अशी खोली लागायची. तुमच्या आजोबांनी 1930 नंतर इमारत बांधली असेल तर ती या लाटेवर बांधली, असं मी समजतो.

आणि याच बर्डीतल्या श्याम हॉटेलात 11 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर पत्नी माईसाहेबांसह येऊन उतरले. 13 तारखेला तिथंच त्यांनी पत्रकारांशी बोलून धम्माबद्दलची आपली भूमिका मांडली, आणि 14 ऑक्टोबरला सकाळी दीक्षाभूमीवर लाखोंसह दीक्षा घेतली. एका साध्या हॉटेलच्या खोलीतून एवढ्या मोठ्या गोष्टीला निघालेलं पाऊल या शहरानं पाहिलं आहे. त्यानंतर तीनच आठवड्यांत, 1 नोव्हेंबर 1956 ला, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरची राजधानी संपली. बर्डीच्या लॉजांच्या उतरणीची सुरुवात मी तिथून धरतो. 1960 नंतर हिवाळी अधिवेशनाचे दिवस तेवढे पुन्हा गजबजायचे. अजूनही डिसेंबरात मोर्चे आले की बर्डीत खोली मिळवताना दमछाक होते, आणि दसऱ्याला तर देशभरातून माणसं येतात.

तुमच्या चौदाव्या फोटोत काउंटरच्या मागे कापडात बांधलेली गाठोडी दिसतात. मला वाटतं ती पाहुण्यांची रजिस्टरं आहेत. रद्दीवाल्याला देऊ नका! नाव, गाव, कुठून आला, कुठे जाणार, येण्याचं कारण असे रकाने त्यात असतात. एका मालकाकडे अशी रजिस्टरं मी दिवसभर बसून वाचली आहेत. ‘कारण’ या रकान्यात एकाखाली एक ‘कोर्ट’, ‘कापूस’, ‘कोर्ट’, ‘मुलीचे स्थळ’, ‘मेयो हॉस्पिटल’ असं लिहिलेलं. शाई दर पानाला बदलते, अक्षर मात्र तेच. गाठोडी सोडण्याआधी हात कोरडे ठेवा, पानं चिकटली असतील तर ओढू नका, आणि खोली उघडून दोन दिवस हवा खेळू द्या. तुमच्या इमारतीत कोण उतरलं होतं याचा पुरावा इथं आहे, ऐकीव गोष्टींत नाही. थोरांची नावं ऐकीव आधारावर पाटीवर लिहू नका.

इमारतीचं वय काढायला आणखी एक साधी युक्ती. मागचा गंजलेला गर्डर उघडाच आहे, त्याच्या उभ्या पट्टीवर तारेचा ब्रश मारा. बऱ्याचदा उठावदार अक्षरं निघतात. टाटाचा छाप निघाला तर लोखंड 1912 नंतरचं, कारण जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद तेव्हा निघू लागलं. डॉर्मन लाँग अशी अक्षरं आली तर ते इंग्लंडहून आलेलं. पहिल्यांदा अशी अक्षरं माझ्या हाताखाली उमटली तेव्हा मी शिडीवरच थांबून राहिलो होतो.

आता बिल्डरच्या प्रस्तावाकडे. काकांना त्यानं ‘मेट्रोमुळे चारचा एफएसआय’, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम, असं सांगितलं आहे. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या 500 मीटर पट्ट्यात वाढीव एफएसआयची तरतूद आहे हे खरं. पण चार हा कमाल आकडा आहे. तो प्लॉटच्या आकारावर आणि समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. तुमची गल्ली फोटोत तरी एक मोटार आणि एक हातगाडी एवढीच रुंद दिसते. त्याच्याकडून लेखी घ्या: या प्लॉटला, या रस्त्यावर, किती? त्यातून सोडायची मोकळी जागा, पार्किंग, जिने, लिफ्ट वजा करून विकायला किती चौरस फूट उरतं? त्या उरलेल्यातून चारही भाडेकरूंना जागा द्यायची आहे, कारण 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याखालचे जुने भाडेकरू नव्या इमारतीतला आपला हक्क सोडणार नाहीत. मग तीन भावांच्या वाट्याला काय येतं ते मांडा. पार्किंग तळघरात घेऊ म्हणाला तर त्याला 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवून द्या. त्या रात्री नाग नदी फुगली, मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. बर्डीच्या सखल भागात तळघर म्हणजे पाण्याला आमंत्रण. उंचीचंही आधी विचारा; सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि त्याच्या आसपास बांधकामाला त्यांचं ना-हरकत लागू शकतं. मेट्रोच्या अगदी लगत असाल तर महामेट्रोचंही.

मी बिल्डरच्या विरोधात नाही. प्लॉट मोठा असता, रस्ता रुंद असता आणि भिंतीत पीठ निघालं असतं, तर मीच पाडा म्हणालो असतो. पण तुमच्या जागेवर जुन्या इमारतीनं आज जेवढं क्षेत्र धरून ठेवलं आहे, तेवढं पाडल्यावर परत मिळेलच असं नाही.

कागदांमध्ये पहिला कागद आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. नगर भूमापन कार्यालयातून ताजी काढा आणि धारणाधिकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने तुमच्याकडे आहे त्याचा, रकाना बघा. बर्डीतल्या अनेक जागा नझूलच्या, सरकारी भाडेपट्ट्याच्या आहेत. पट्ट्याचं नूतनीकरण सहसा 30 वर्षांनी करायचं असतं, आणि ते राहून गेलेलं निघतं. पट्टा राहण्यासाठी दिलेला आणि वापर व्यापारी, असा शर्तभंगही निघतो. हे न सोडवता ना बँक कर्ज देईल, ना नकाशा मंजूर होईल, मग पाडा नाहीतर ठेवा. दुसरं, शहराच्या वारसा यादीत तुमची इमारत आहे का ते महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. असेल तर वारसा समितीची परवानगी लागेल, आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या श्रेणीप्रमाणे आत-बाहेर किती बदल करता येतो ते ठरेल. लोक या यादीला घाबरतात. मला ती मदतीची वाटते, कारण भावाभावांत ‘पाडूच’ म्हणणाऱ्याला तिथं थांबावं लागतं.

मग करायचं काय? माझ्या मते 22 खोल्यांचा हट्ट सोडायचा. तेरा-चौदा चांगल्या खोल्या करायच्या. आतली सगळी बाथरूमं काढून टाकायची, भरावासकट. मागच्या अंगणात जिथं मूळची न्हाणी होती, तिथं स्वतःच्या पायावर उभा राहणारा एक उभा आरसीसी भाग बांधायचा. तो जुन्या भिंतीला चिकटवायचा नाही, मध्ये दोन इंचांची फट ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी एक दुसऱ्याला ओढणार नाही. बाथरूमं त्यात एकावर एक, सगळे पाइप उघड्यावर, हात पोचेल असे. त्याच भागात लिफ्ट आणि दुसरा जिना. हा दुसरा जिना चैन नाही. तुमचा एकमेव जिना लाकडी आहे, आणि हॉटेलला अग्निशमनाचं ना-हरकत त्याच्या भरवशावर मिळणार नाही, मिळूही नये. 2006 च्या आग-प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्रही द्यावं लागतं. लाकडी जिना ठेवा, तो सागवानी आहे आणि त्याचा कठडा सुरेख आहे, पण आणीबाणीचा रस्ता दुसरा हवा. मागच्या खोल्यांना नव्या भागातून थेट दार मिळेल. पुढच्या खोल्यांना बाथरूम हवंच असेल तर दोन खोल्यांची एक करून हलक्या पत्र्या-बोर्डाच्या भिंतींचं, बिनभरावाचं.

मागचे मेलेले गर्डर बदलायचे. टेकूवर छत धरून एकेक गर्डर काढता येतो. चांगले गर्डर घासून, गंजरोधक लेप देऊन तसेच. सिमेंटची छपाई उतरवून चुन्याची. त्यासाठी कळीचा चुना निदान तीन आठवडे पाण्यात मुरवलेला हवा, सुरखी चांगल्या भाजलेल्या विटेची, रेती कन्हानची धुतलेली. हे काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीत संपवायचं. आपल्या उन्हाळ्यात चुना मुरण्याआधीच वाळतो आणि मग हाताला पावडर लागते. घाईने एप्रिलमध्ये केलेली छपाई मला एकदा पूर्ण काढून पुन्हा करावी लागली आहे, खर्च मी सोसला. तळमजल्याचं काम दोन-दोन दुकानं करत करा, म्हणजे कोणाचाच धंदा पूर्ण बंद पडणार नाही, आणि भाडेकरू तुमच्या बाजूने उभे राहतील.

खर्च कमी नाही, हे काकांना आधीच सांगा. पण तो टप्प्यांत करता येतो. पहिल्या वर्षी टेकू, गर्डर, छत; दुसऱ्या वर्षी मागचा भाग आणि पहिल्या मजल्याच्या सहा खोल्या. त्या चालू झाल्या की वरचा मजला. केंद्राच्या पर्यटन खात्याचा हेरिटेज हॉटेलचा दर्जा 1950 पूर्वीच्या इमारतीला, किमान पाच खोल्या असल्या तरी मागता येतो, आणि राज्यात नोंदणी केलेल्या हॉटेलांना उद्योगाचे वीज-पाणी दर मिळण्याची सोय 2021 पासून आहे. तेही हिशेबात धरा.

काकांना पटवायला दोन उदाहरणं द्या. मुंबईचं वॉटसन हॉटेल, ज्यात 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंचे चित्रपट देशात पहिल्यांदा दाखवले गेले, त्याच्या खोल्यांची पुढे छोटी छोटी ऑफिसं केली गेली. लोखंडी सांगाड्यावर भिंतींचं ओझं वाढत गेलं, देखभाल कोणाचीच नाही. 2005 मध्ये सज्जाचा भाग कोसळून माणूस गेला, आणि ती इमारत आजवर कज्ज्यात अडकली. कोलकात्याचं ग्रेट ईस्टर्न 1840 च्या सुमाराचं. तेही मोडकळीला आलं होतं, पण 2005 मध्ये विकलं गेलं, जुना भाग राखून काम झालं आणि 2013 मध्ये पुन्हा उघडलं. दोन्ही तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी, पण रोग तोच आहे.

सध्या तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. आखीव पत्रिकेची प्रत. बाथरूमं कोणत्या खोल्यांत आणि कोणत्या साली घातली याची यादी. तुमच्या आत्याला आठवत असेल, तिला विचारा. आणि भेगांवर काचेच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर मार्करने तारीख घाला, आणि पहिले दोन मोठे पाऊस पडून गेले की त्यांचे फोटो पाठवा.